साहेबांची मखमल

साहेबांना त्यांची बायकोसुद्धा 'साहेब'च म्हणायची. तसा त्यांचा आग्रहच होता. दोन हजारनंतरच्या दशकात मी सिंगापूरमध्ये, क्लेमेंटीला त्यांच्या फ्लॅटमध्ये भाड्याच्या खोलीत राहायचे आणि जवळच्या युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्रात संशोधन करायचे. बँकेत साहेब नक्की काय होते ते मला कधी कळलं नाही. घरी मात्र सोफ्यावर बसून ते पाय पुढे करायचे आणि वहिनी वाकून मोजे काढायच्या.

एका डिसेंबरात ते न्यूझीलंडला शिकारीसाठी जाऊन आले. येताना थर्माकोलच्या खोक्यात, रीतसर परवानगी काढून, हरणाची शिंगं आणली. "एका गोळीत!" हे पुढे महिनाभर चाललं. वहिनी हळूच मला म्हणाल्या, "अगं, कुंपणातलं होतं ते. खायला मिळेल म्हणून जवळ आलं होतं बिचारं."

वाढत्या शिंगांवर मऊ, केसाळ कातडी असते, तिला मखमल म्हणतात. ती जशीच्या तशी ठेवून शिंगं हॉलमध्ये लावायची, असं साहेबांनी ठरवलं.

मी म्हटलं, "आतल्या शिरांमध्ये रक्त आहे. ते काढून औषध भरावं लागतं, नाहीतर आतून सडेल आणि कातडी सुटेल. जाणकार माणसाकडे द्या."

"तुम्ही रिसर्च करता, आम्ही रिझल्ट देतो," साहेब म्हणाले. मग त्यांनी मखमलीला बाहेरून स्पिरिट पुसलं, मीठ चोळलं आणि शिंगं एसीखाली टांगली. साहेबांचं शास्त्र तिथे संपलं.

रोज ऑफिसातून आले की ते त्या मखमलीवरून बोटं फिरवायचे. इतक्या हळुवारपणे त्यांनी दुसऱ्या कशाला हात लावलेला मी पाहिला नाही. वहिनींना तर नाहीच. आठवड्याभरात घरात वास येऊ लागला. साहेबांनी वहिनींचं सुकट करणं बंद करून टाकलं. वास वाढतच गेला, तेव्हा लसणावर बंदी आली.

मग त्यांनी बॉसला जेवायला बोलावलं. बॉस सिंगापूरचाच, सालस माणूस. "वा, खरंच मखमल!" म्हणत त्याने शिंगाला हात लावला आणि कातडीचा एक पट्टा केसांसकट त्याच्या मुठीत आला. खाली ओलं, काळपट काहीतरी दिसलं. तो बेसिनकडे धावला.

साहेब वहिनींवर ओरडले, "तू पुसलंस! ओल्या फडक्याने पुसलंस ना? अक्कल आहे का?"

वहिनींनी हातातली आमटीची वाटी टेबलावर ठेवली. "मी हातसुद्धा लावला नाही. माझ्या हातचं बिघडलं असतं तर मी सांगितलं असतं. तुम्ही कधी सांगितलंत?" त्यांनी शिंगं उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि लिफ्टने खाली जाऊन कचऱ्यात टाकून आल्या. मग पाहुण्याला भात वाढला.

पुढच्या महिन्यात मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, यिशुनला दोन खोल्यांची जागा घेतली. दुसऱ्या खोलीत वहिनी आल्या. त्या नेमक्या कधी हसतात हे मला तिथे कळलं.

काही वर्षांनी साहेब एमआरटीच्या गाडीत भेटले. थकले होते, शर्टाला इस्त्री नव्हती. क्षणभर मला वाईट वाटलं.

"तूच सांग," ते म्हणाले, "माझं काय चुकलं?"

मी तोंड उघडलं, पण तोवर साहेबांनीच उत्तर द्यायला सुरुवात केली होती.