ऊन दीर्घ लिहायचं

शाळेत मराठी शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली. त्या काळात ‘ऊन’ ऱ्हस्व लिहिणाऱ्या प्रत्येक पोराचा अर्धा गुण मी कापला. पालक भांडायला यायचे. अहो बाई, एका ऊकारासाठी एवढं काय, म्हणायचे. आता त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर सांगेन, की त्या एका ऊकारापायी माझी आई माझ्या हातून गेली. आई जिवंत आहे. या क्षणी आमच्या वारज्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसली आहे. तरी गेली म्हणते, ते उगाच नाही.

आई गाणं शिकली बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत. तिचे गुरुजी उत्तरेकडचे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी पुण्यात आले आणि इथलेच झाले, पण शेवटपर्यंत निम्मं हिंदी आणि निम्मं मराठी बोलत राहिले. गायक म्हणून मोठे होतेच, पण बंदिशी रचणारे म्हणून त्याहून मोठे. त्यांच्या बंदिशी आजही मैफलीत ऐकू येतात. त्यांतली लोकांची सगळ्यांत लाडकी बंदिश अशी सुरू होते: ‘ऊन आयो मोरे अंगना, भीगी चुनरिया सूखन लागी.’ बंदिशीच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं टोपणनाव गुंफतात, त्याला मुद्रा म्हणतात. या बंदिशीत मुद्रा गुरुजींची आहे. बंदिश माझ्या आईची आहे.

मी तेव्हा तान्ही होते. श्रावणाचे दिवस, आठवडाभर पावसाची पिरपिर, आणि माझी दुपटी-लंगोटं काही केल्या वाळत नव्हती. आई मला कडेवर घेऊन शिकवणीला जायची आणि पिशवीत ओल्या लंगोटांचा गठ्ठा असायचा, वाटेत कुठे ऊन मिळालं तर बघू म्हणून. एक दिवस तालमीच्या मध्येच दुकानामागच्या एवढ्याशा अंगणात ऊन पडलं. आई तान अर्धी टाकून जिना उतरली, दोरीवर सगळं पसरलं आणि वर आली ती ही ओळ गुणगुणतच. बंदिशीत लंगोटं घालता येत नाहीत म्हणून चुनरी घातली, एवढंच.

गुरुजी म्हणाले, “उन आयो? उन कौन?”

“उन नव्हे हो गुरुजी, ऊन. धूप.”

“अच्छा! पर हमारे यहाँ तो उसे घाम कहते हैं.”

“ई! मोरे अंगना घाम आयो?”

यावर दोघं किती हसले ते आई मला दर वेळी हसत सांगायची. खाली दुकानातला माणूस वर बघायला आला होता म्हणे. शेवटी गुरुजी म्हणाले, “रहने दो. पुण्याचं ऊन आहे, पुण्याचंच राहू दे.” तबल्याचं आवर्तन जिथे येऊन टेकतं, त्या समेवर आईनं तो ऊ ठेवला होता आणि चांगला ऐसपैस लांबवला होता. तो तसाच राहिला. मुद्रा मात्र आईनं आपणहून गुरुजींची घातली. त्यांच्या विद्येवर केलेल्या बंदिशीत माझं नाव कशाला, म्हणाली. शिष्य असं करायचे. गुरुजींनी ती रेडिओवर गायली आणि ती त्यांची झाली. कुणी विचारलंच तर ते हिच्याकडे बोट दाखवायचे, पण विचारणारे थोडे होते. ते सगळे एकेक करून गेले, मग गुरुजीही गेले. उरली आई.

मला याचं कधी फार वाटलं नव्हतं. घरात आम्हाला ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं. मग गुरुजींच्या आयुष्यावर सिनेमा काढायचं ठरलं, आणि नेमकं त्याच सुमारास आईला विसर पडायला लागला. आधी गॅस बंद करायचं विसरली, मग शेजारणीचं नाव. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाणार. मला एकच दिसत होतं. आईनं शुद्धीत असताना एकदा, कुणातरी परक्या माणसासमोर, ‘ही माझी’ एवढं म्हणायला हवं. ते पण लवकर.

सिनेमावाल्यांकडून माहिती गोळा करायला एक मुलगी आली. गोड होती, हुशार होती, तिला नावं ठेवायला जागा नाही. “आजी, ॲक्चुअली आम्हाला सगळं एकदम ऑथेंटिक करायचंय,” म्हणाली. दोन दिवस ती आईला विचारत होती. गुरुजींच्या खोलीतलं दिव्याचं बटण पितळी होतं की काळं? तंबोरा कुठल्या भिंतीला टेकवायचे? पानाचा डबा उजव्या हाताला की डाव्या? आईला सगळं आठवत होतं. दिव्याच्या वायरीवर दुकानदारानं चिकटवलेली पट्टी कोणत्या रंगाची होती हेसुद्धा तिनं सांगितलं. मी मनात म्हटलं, देवा, आता विचार गं बाई.

तिनं विचारलं. “आजी, ‘उन आयो’ गुरुजींना कशी सुचली?”

मी आईचा हात धरला. “सांग ना आई. श्रावणातली गोष्ट.”

आईनं माझ्याकडे बघितलं, मग त्या मुलीकडे, आणि पदर सावरून म्हणाली, “गुरुजींचीच ती. मुद्रा आहे ना त्यांची.”

ती विसरली होती की विनयानं बोलत होती, हे मला आजवर कळलेलं नाही. विसरली असती तर रडले असते. विनय असेल तर संताप येतो, आणि आला. मुलगी गेल्यावर मी आईवर ओरडले. ऐंशी उलटलेल्या, विसरभोळ्या आईवर. ती नुसती म्हणाली, “त्यांच्यामागे त्यांचं काही काढून घेऊ का मी?” म्हणजे तिला आठवत होतं. निदान त्या मिनिटाला तरी.

मग मी हात धुऊन सिनेमावाल्यांच्या मागे लागले. पत्रं लिहिली. आईच्या गाण्याच्या वहीतल्या त्या बंदिशीच्या पानाचा फोटो पाठवला, त्यात दीर्घ ऊ स्पष्ट होता. उत्तर आलं की शिष्य गुरूच्या बंदिशी उतरवून घेतातच, अक्षरावरून काही ठरत नाही. आणि जुन्या काळी शुद्धलेखन कोण एवढं बघायचं? हे मला लिहिलं होतं! मी शेवटी रिक्षा करून धायरीला शूटिंगवर गेले. तिथे एका जुन्या घरामागे त्यांनी बुधवार पेठेतली खोली आणि अंगण उभारलं होतं. खरं सांगते, पाय थबकले. काळं बटण, पितळी कडी, फरशीचा तुटका कोपरा, सगळं जसंच्या तसं. फक्त उन्हाच्या जागी पाऊस होता. टँकर लावून नळ्यांतून पाडलेला.

कडेला उभी असलेली गावातली एक बाई म्हणाली, “आमाला प्यायला पानी न्हाय, आन् ह्ये बगा, पाऊस पाडत्यात.”

दिग्दर्शकानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिथेच कथा कळली. गुरुजींची गावाकडची प्रेयसी पावसात भिजत अंगणात येते, ते तिला बघतात आणि तिच्या मनातली ओळ जागेवर रचतात. ‘उन आयो’, म्हणजे ‘ते आले’.

मी म्हटलं, “अहो, त्यांच्या भाषेत पहिलीतलं पोरसुद्धा ‘उन आयो’ म्हणणार नाही. व्याकरणात बसत नाही. आणि माणूस आला म्हणून ओली चुनरी वाळते का?”

“मॅडम, ती अश्रूंनी भिजलेली आहे.”

“ती लंगोटं होती. माझी.”

ते हसले. मग ‘सिनेमॅटिक लिबर्टी’ हा शब्द मी ऐकला. “तुमच्या भावना समजतात, पण आजी स्वतःच म्हणाल्या ना की गुरुजींची आहे? त्यांच्यापेक्षा जास्त अथॉरिटी कोण?” म्हणाले. मी रिक्षा शोधायला निघाले. एक खरा माणूस खोटा करायचा म्हणून त्याच्याभोवतीची सगळी बटणं खरी करून ठेवली होती यांनी. लोक बटणांवर विश्वास ठेवतात.

सिनेमा लागला तेव्हा आईला घेऊन गेले. सुरुवातीला सत्य घटनांपासून प्रेरित वगैरे पाटी आली. पहिल्याच तालमीच्या दृश्यात एक नऊवारीतली मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली.

“ही कोण गं?” आईनं विचारलं.

“तू.”

“मी?” आई एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पुढच्या रांगेतला माणूस वळला. “मी कधी चहा केला तिथे? चहा गुरुजी करायचे! आलं ठेचून! आणि नऊवारी कुणी नेसवली मला?”

त्या क्षणी मला इतका आनंद झाला की अंधारात तिचा मुका घेतला. पुढे पाऊस आला, प्रेयसी आली, बंदिश आली. पडद्यावरच्या गायिकेनं समेवर ‘उन’ टिचकी मारल्यासारखा उडवला आणि ‘अंगना’वर जाऊन स्थिरावली. आई म्हणाली, “पाऊस कुठे होता? ऊन होतं.” शेवटी पाट्यांमध्ये ‘विशेष आभार’ आले. टँकरवाल्याच्या खालच्या ओळीत आई होती.

ऊन होतं, असं ती म्हणाली होती. ते टिपायला माझ्याकडे कुणी नव्हतं, फोनही बंद होता. आणि मग मी जी चूक केली ती माझी एकटीची. मला वाटलं, सिनेमा बघून तिला राग येतो, आणि राग आला की आठवतं. तर पुन्हा दाखवू. तो टीव्हीवर हवा तेव्हा बघता येऊ लागला तसा मी तिला रोज दुपारी जेवणानंतर दाखवायला लागले. हातात फोन, रेकॉर्डिंग चालू. आता म्हणेल, आत्ता म्हणेल. पहिले काही दिवस चहाच्या दृश्याला ती करवादायची. मग नुसती मान हलवायची. मग शांतपणे बघायला लागली. मी थांबायला हवं होतं. मी मात्र, आज ती दमली असेल, उद्या बोलेल, असं म्हणत राहिले.

एक दिवस शेजारच्या वहिनी आल्या होत्या. आई त्यांना सांगत होती, “मी नऊवारी नेसायची तेव्हा. गुरुजींना चहा करून द्यायची. आणि त्या दिवशी काय पाऊस होता! ती बिचारी चिंब भिजून आली. मी दारातच उभी होते ना.”

वहिनी गेल्यावर मी आईसमोर बसले आणि सगळं सांगितलं. दुपटी, दोरी, घाम, खालून वर आलेला दुकानदार. तिची गोष्ट तिलाच, तिच्याच शब्दांत. ती घाबरल्यासारखी ऐकत होती. मग तिचा चेहरा कडक झाला. “गुरुजींवर असले आळ घेऊ नकोस,” ती म्हणाली. “कुणी शिकवलं तुला हे?”

त्या दिवशी मी टीव्ही बंद केला. फार उशीर झाला होता.

आज सकाळी गॅलरीत ऊन आलं. समोरच्या इमारतीच्या टाकीला वळसा घालून येतं, तासभरच टिकतं. आईनं मांडीवरचा ओला पंचा उचलला, झटकला, कठड्यावर घातला आणि दोन्ही हातांनी सुरकुत्या काढत कडा ओढून सारखा केला. लहान मुलाचे कपडे वाळत घालतात तसा. मग पावलं उन्हात सरकवली आणि गुणगुणायला लागली. मी गवार निवडत होते, ती तशीच टाकून दारात येऊन उभी राहिले. ती समेकडे आली.

“उन आयो,” आई म्हणाली. ऱ्हस्व. टिचकी मारून पुढे गेली आणि अंगनावर जाऊन स्थिरावली.

मग मागे वळून बघितलं आणि हसली. “छान आहे ना गं? गुरुजींची आहे.”

मी हो म्हटलं.