पूजेतली लेथ

घरच्या वर्कशॉपसाठी लोखंड कातायची जुनी लेथ पाहायला मी अमरावतीहून अकोल्याला गेलो. जुन्या लेथचा बेड, म्हणजे खालचा रूळ, लोखंडाचा तुकडा पकडणाऱ्या चकजवळ वापरानं झिजतो, म्हणून आधी तिथेच बोट फिरवलं. झीज नव्हतीच.

“आयटीआयतली हाय भाऊ,” भंगारवाला म्हणाला. “पोरायले हातच लावू देला नाई!”

तेवढ्यात तिच्यावर मीच कुंकवानं काढलेलं वाकडं स्वस्तिक दिसलं. ही मी शिकलो त्याच आयटीआयतली लेथ होती; दर दसऱ्याला आम्ही तिची पूजा करायचो. एरवी तिच्यावर कापड असायचं; मोटर जळाली आहे असं सांगून आमचे सर फळ्यावर लेथ काढून शिकवायचे.

“जळालेली मोटर भरून घेतली का?”

“कोनती जळालेली? खोलली पन नाई.” त्यानं बटण दाबलं. लेथ फिरू लागली.

म्हणजे मोटर कधी जळालीच नव्हती. आमच्या अख्ख्या बॅचचं शिक्षण सरांनी कापडाखाली झाकून ठेवलं होतं.

“कावून भाऊ? पसंत नाई का?”

“पसंत हाय. दोन वर्षं हिचीच पूजा केली मी.”