सुभेदारांचा आखूड ड्रायव्हर

बोरुडे सुभेदारांच्या गोल्फच्या पिशवीत दोन ड्रायव्हर असत. ड्रायव्हर म्हणजे चेंडू सगळ्यात लांब मारायची काठी. बाकीचे ती एकच बाळगतात. सुभेदारांनी दुसरी घेतली आणि भिंगारमधल्या एका वेल्डरकडून चार बोटं आखूड करून आणली. "दोन बायका, फजिती ऐका," असं मी त्यांना चिडवलं, तर ते शांतपणे म्हणाले, "एक जोराचा हाय सर, एक हुकमाचा. लांब मारनारा चेंडू हुडकत बसतो, सरळ मारनारा घरी जेवायला जातो."

ते मूळचे कर्जतकडचे, फौजेतून निवृत्त होऊन आमच्या शेजारी राहायला आलेले. मी कॉलेजातला निवृत्त मास्तर. त्यांच्या ओळखीमुळे लष्कराच्या मैदानावर मलाही खेळू देत. मैदान कसलं, कडेला बाभळी असलेला तपकिरी माळच तो. सकाळचा खेळ आटोपला की सुभेदार घाईने घरी परतत, कारण वहिनींना डायलिसिससाठी शहरातल्या दवाखान्यात न्यायचं असे. गाडी ते स्वतः चालवत.

पुढे पुढे लांब ड्रायव्हर पिशवीतून निघेनासाच झाला. वय झालं, असं मी धरून चाललो. आखूड ड्रायव्हरने मारलेला त्यांचा चेंडू नेहमी एकाच कडुनिंबाच्या अलीकडे पडायचा आणि ते डोळे मिटून चालावं तसे तिथं जाऊन पोचायचे. मला त्या शिस्तीचा हेवा वाटे.

एका सकाळी चेंडू बाभळीच्या मुळावर आपटून भलतीकडे गेला. उघड्या मातीत पांढराशुभ्र दिसत होता. सुभेदार मात्र सवयीने कडुनिंबाकडे गेले आणि पायाने गवत चाचपू लागले.

"सुभेदार, तुम्हाला दिसत नाही?"

"मधलं दिसत न्हाई. कडंकडंचं दिसतं."

"आणि गाडी?"

"रस्ता पाठ हाय. हळू घेतो. तिला कळलं तर ती दवाखाना बंद करील, सर. माज्यापायी जीव धोक्यात घालू नका म्हनंल."

मला राग आला. "मूळ आडवं आलं ते कळलं नाही तुम्हाला. त्या मुळाच्या जागी एखादं माणूस असतं तर?"

त्यांनी काठी पिशवीत ठेवली. मग गाडीची किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "तिला सांगा, माजा खांदा धरलाय."

तेव्हापासून गाडी मी चालवू लागलो. पहिल्याच दिवशी सुभेदार चाकाची खुर्ची आणायला दवाखान्यात गेले, तेव्हा मागे बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "खांदा न्हाई, डोळे. ठावं हाय मला. मी शेजारी बसून बडबडत हुते, डावीकडून टेम्पो आला, म्होरं कुत्रं हाय. त्यास्नी वाटायचं, बाईला गप बसवत न्हाई. तुमी बोलू नका, सर. खचतील."

मी बोललो नाही. दोघांनी एकमेकांना सांभाळण्यासाठी रस्त्यावरच्या सगळ्यांचा जीव टांगणीला लावला होता. त्याचा संताप यायचा आणि माया दाटून यायची, दोन्ही एकदमच. वहिनींची बडबड मात्र मागच्या सीटवरूनही चालूच राहिली. सुभेदार म्हणायचे, "अगं, सरांना दिसतंय की." त्या ऐकायच्या नाहीत.

या थंडीत वहिनी गेल्या. परवा सुभेदारांना डोळे दाखवायला त्याच रस्त्याने नेलं. गाडीत कुणीच बोलत नव्हतं. ते दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरून बसले होते. चौकात ते म्हणाले, "सर, ती सांगायची तवाच रस्ता दिसायचा. मला वाटायचं, पाठ हाय."

मग मी म्हणालो, "डावीकडून टेम्पो येतोय. पुढं कुत्रं आहे, उठलं बघा."

सीटची कड त्यांनी सोडली आणि हात मांडीवर ठेवले.

"जरा मोठ्यानं बोला," ते म्हणाले. "ती मोठ्यानं बोलायची."