चौथा खिळा

आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर तीन फोटो दिसायचे. आमच्या विद्यापीठात शिकून आशियाई स्पर्धांचं पदक आणलेले तिघे. क्रीडादिनाला शिपाईमामा त्यांना झेंडूचे हार घालायचे आणि ते हार वाळून काळे पडले तरी काढायचे नाहीत. तिघेही चांगले हिंडतेफिरते आहेत, पण नव्या माणसाला हे सांगावं लागायचं.

एके दिवशी आमच्या कुस्तीच्या सरांनी तिथंच चौथा खिळा ठोकला आणि माझ्या सरावातल्या जोडीदारणीचा फोटो लावून टाकला. राज्यात पहिली आली होती ती, आशियाई स्पर्धा कुठंच्या कुठं! "जागा आत्तापासून धरून ठेवायची," सर म्हणाले. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. जळत होते ना मनातून. आणि मी जळते हे अख्ख्या होस्टेलला ठाऊक होतं.

ती शेवगावकडची, आईवडील ऊसतोडीला जाणारे. कोयता हातात घ्यायच्या आधी तिची आई लाडवांचा डबा घेऊन भेटायला आली, तेव्हा मीच मोठ्या तोऱ्यात तिला भिंत दाखवायला नेलं. मावशी हारांकडे बघतच राहिली.

"काय झाल्तं गं ह्यान्ला?"

"अहो मावशी, जिवंत आहेत सगळे!" मला हसू आवरेना.

तिला हसू आलं नाही. "मग हार कशापाई? जित्या मानसाचा फोटो असा टांगू न्हाई. माझ्या लेकीचा आधी काढा."

"आई, हा मान आहे," तिथंच उभे असलेले सर म्हणाले. फोटो तिथंच राहिला. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी शिकलेली ना! अंधश्रद्धा म्हणून मोकळी झाले.

मग आंतरविद्यापीठ स्पर्धा आली. गट त्रेपन्न किलोचा आणि हिचं वजन चार दिवस आधी सत्तावन्न. वजन तोडणं आम्हाला नवीन नव्हतं. प्लास्टिकचा सूट, वर दोन स्वेटर, आणि नगरच्या उन्हात मैदानाच्या फेऱ्या. पाणी बंद. सरांनी बाटली माझ्या हातात दिली. "कितीही मागू दे, द्यायचं नाही. तुझ्यावर सोडतो."

तिसऱ्या दिवशी तिला घाम येईना. दोन स्वेटर घालून पळतेय आणि कपाळ कोरडं ठणठणीत. संध्याकाळी बाथरूममधून आली आणि हळूच म्हणाली, "लघवी काळ्या चहासारखी होतीय गं. सरांना सांगितलंस तर तुझं तोंड बघणार न्हाई."

नाही सांगितलं. तिच्या धमकीमुळं नव्हे. सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, जळते म्हणून खोडा घालते. या एका भीतीपोटी मी गप्प बसले. आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वजनाच्या सकाळी तिचे ओठ फुटले होते. "घोटभर दे. गिळत न्हाई, नुसती चूळ भरते." मला वाटलं, आता माझंच मन पाघळेल. तिच्यादेखत मी बाटली कॉलेजच्या फाटकाजवळच्या लिंबाच्या बुंध्याशी उलटी केली. ती भिजलेल्या मातीकडे बघत राहिली.

काटा बरोबर त्रेपन्नवर थांबला. आम्ही नाचलो. मग पाणी दिलं, पण ते तिच्या पोटात ठरेना. पहिल्याच कुस्तीत समोरचीनं नुसता हात धरला आणि ही मॅटवर कोसळली. पाणी अंगात राहिलं ते सलाईनचं, आणि तोवर उशीर झाला होता. मूत्रपिंडं गेली. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

पुढच्या क्रीडादिनी शिपाईमामांनी सवयीनं चार हार आणले आणि चारही घातले. नेमकी त्याच दिवशी मावशी लेकीच्या दाखल्यासाठी कॉलेजात आली. जिमखान्याच्या दारातच थबकली.

"हार काढा त्यो. जिती हाय ती अजून."

सर जमिनीकडे बघत होते. शेवटी मीच स्टुलावर चढले, हार काढला, फोटोही काढला. तिनं तो पदरानं पुसला आणि पिशवीत ठेवला. भिंतीवर खिळा तेवढा राहिला.

मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. लिंबाखाली आल्यावर ती थांबली आणि माझा हात धरून म्हणाली, "पोरी, तू तर कायम तिच्यासंगं हुतीस. घोटभर पानी द्याया कुनीच नव्हतं व्हय गं तितं?"

"नव्हतं, मावशी," मी म्हणाले.