दुसऱ्या बाजूचे तात्या

दोन माणसांचं एकमत झालं की तात्या बेचैन व्हायचे. ओट्यावर बसलेली मंडळी एका सुरात बोलू लागली की ते पान गालात सारत आणि म्हणत, "सगळे इकडंच बसले, तर तिकडून कोन बोलनार?" मग जी बाजू कुणीच घेतलेली नसे, ती घेऊन मोकळे होत. गावात त्यांची ख्याती काड्या घालणारा म्हणून होती. पहिली काही वर्षं माझंही मत तेच होतं.

मी विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहायचो आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो. विरारच्या पश्चिमेला तात्यांची वाडी होती, तिथे दर रविवारी भाजीला जायचो. माझ्या पिशवीपेक्षा त्यांना माझ्या विषयात जास्त रस. तासभर उलटतपासणी झाल्याशिवाय भाजी मिळत नसे.

अशातच वांग्याच्या नव्या बियाण्याची चर्चा सुरू झाली. त्यात एका जिवाणूचं जनुक घातलेलं, अळीने वांगं खाल्लं की अळीच मरणार. तात्यांच्या घरात लगेच दोन तट पडले. मुलगा विलास फवारणी करताना एकदा वाफ्यातच चक्कर येऊन पडला होता, त्यामुळे त्याला ते बियाणं हवं होतं. तात्यांच्या बायकोचा, काकूंचा, मात्र ठाम विरोध. कामणच्या माहेराहून आणलेल्या हिरव्या वांग्याचं बी त्यांनी तीस वर्षं राखलं होतं. दरवर्षी एक फळ झाडावरच पिवळं पडू द्यायचं, बी धुऊन राखेत घोळवायचं, आणि ते हाती आलं की जुनं शिल्लक ठेवायचं नाही, हा त्यांचा रिवाज. नव्याचा पराग उडत आला तर आपलं बी बाटेल, ही त्यांची धास्ती.

तात्या विलाससमोर काकूंची बाजू घेत आणि काकूंसमोर विलासची. दोघांच्याही शिव्या खाऊन झाल्यावर त्यांनी मला विचारलं, वांग्याचा पराग जातो तरी किती लांब? मी पुस्तकी उत्तर दिलं : वांगं बहुतेक आपल्याच परागावर फळतं, पण भुंगे थोडाफार इकडचा तिकडे नेतात.

"थोडाफार म्हंजे किती, सर?"

ते बघायची युक्ती मीच सुचवली, तीही मोठ्या हौसेने. हिरव्याच्या एका ओळीला खेटून बाजारातली जांभळी वांगी लावायची. पुढे हिरव्याच्या बियांतून जांभळं निघालं, तर पराग गेला म्हणायचा. घरात आधीच धुसफूस होती म्हणून हे कुणाला सांगितलं नाही. आम्हा दोन शहाण्यांना एवढंही सुचलं नाही, की त्या साली काकू नेमक्या त्याच ओळीतलं फळ बियाण्याला धरतील.

पुढच्या हंगामात काकूंच्या वाफ्यात मधूनच जांभळी वांगी लटकू लागली. तात्या आधी हरखले. "सर, गेला की!" म्हणाले, आणि मग त्यांना काकूंचा चेहरा दिसला.

तात्यांनी सगळं कबूल केलं. काकूंनी जांभळी झाडं मुळासकट उपटून काढली. मी धीर देत म्हणालो की उरलेली हिरवी शुद्धच आहेत, रंगावरून ओळखता येतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "ह्याला रंग व्हता म्हनून कळलं. त्या नव्याला रंग असल का?"

दुसऱ्याच दिवशी तात्या जुनं बी मागायला कामणला गेले. मेहुण्याने शेत गोदामाला देऊन टाकलं होतं, बी तिथेही उरलं नव्हतं. परत आल्यावर कितीतरी दिवस ते कुणाचीच बाजू घेईनात. ओटा अगदी सुना वाटायचा.

मग नव्या बियाण्याच्या विरोधातला अर्ज गावात फिरला. सगळ्यांनी सह्या केल्या, म्हणजे तात्या करणार नाहीत अशी सगळ्यांची खात्री. त्यांनी सही केली. वर सांगितलं, "पन माझा पोरगा बोलतो तेबी खोटं नाय."

पुढच्या रविवारी गेलो तर सत्तरीच्या तात्यांच्या पाठीवर फवारणीचा पंप, नाकावर काकूंच्या लुगड्याची पट्टी. विलास बांधावर अवघडून उभा होता, पंप मागत होता, आणि ते देत नव्हते. मी विचारलं तेव्हा पट्टी खाली ओढून म्हणाले, "सही मी केली. मग हे पोराच्या पाठीवर कशाला?"

तोच अर्ज आमच्या बिल्डिंगमध्येही आला होता. मी दारात उभं राहून, एका हातात चहाचा कप घेऊन सही केली होती. त्या रविवारी मला ते तात्यांना सांगवलं नाही.

दोन वर्षांनी तात्या गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. तोवर पंप त्यांनी कुणाला दिला नव्हता. आणि मी दर रविवारी त्यांच्याच समोर बसून एकेक वांगं फिरवून बघत होतो, अळीचं भोक दिसलं की बाजूला सारत होतो. त्यावर ते एकदाही बोलले नाहीत, याची मला आज लाज वाटते.