जुनं ग्राफिक्स कार्ड घेऊन अंथुर्ण्याला

बारामतीच्या स्टँडबाहेर चहा आता आचमनाच्या पळीएवढ्या कागदी कपात मिळतो, याचा मी प्रथम निषेध नोंदवतो. तीन घेतले तेव्हा एक प्यायल्यासारखं वाटलं.

पिशवीत माझ्या संगणकाचं जुनंपुराणं ग्राफिक्स कार्ड होतं. महिनाभर गाड्यांच्या गेममधली रस्त्याकडेची पांढरी रेघ मध्येच नागमोडी दिसत होती. "बाबा, कार्ड गेलंय, भंगारात द्या," असं मुलगी म्हणाली. दिलं नाही. संस्कृत शिकलेल्या माणसाला हा सल्ला आयुष्यभर मिळतो. तो न ऐकण्याचा मला सराव आहे.

अंथुर्ण्याला इंदापूरची एसटी सकाळचीच धरा. हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात की वेळापत्रक हे निव्वळ काव्य. तिथं शिवातात्या राहतात. पूर्वी बारामतीत त्यांचं गेमचं दुकान होतं. आता ऊस करतात आणि हौसेनं जुनी कार्डं दुरुस्त करतात.

भाकरी-चटणी खाऊ घालून त्यांनी कपाट उघडलं आणि एक जुनं कार्ड बाहेर काढलं.

"पयलं प्रोसेसरला एकट्यालाच समदं वढाय लागायचं," ते म्हणाले. "गणितबी त्याचं, चित्रबी त्याचंच. मग हे नुसतं चित्र काढणारं कार्ड आलं. आधीच्या साध्या कार्डातनं ह्यात, ह्यातनं पडद्याला, अशी मागनं आखूड वायर जोडायची. गाडी अशी पळायची की गिऱ्हाईक खुर्चीतच वळायचं."

"आणि गाव तुम्हाला रिकामटेकडे म्हणायचं."

"आजबी म्हणतंय. म्हणू द्या. आता ह्याच जातीची कार्डं फोटो बघून उसाच्या पानावरला रोग वळखत्यात. खेळातनंच आलं की हे."

माझं कार्ड ब्रशनं झाडून त्यांनी लावलं, गेम सुरू केला. रेघ वाकडी.

"बघा," मी म्हणालो.

"सरळ हाय की."

त्यांनी स्वतःचं कार्ड लावलं. रेघ तशीच.

"तात्या, तुमचंही गेलंय."

"माझं न्हाय गेलं."

मी पडद्याला दोष दिला. त्यांनी पडदा बदलला. मग मी विजेला दोष दिला.

उसाची सरी पाडताना तात्या बांधावर खुंटी रोवतात आणि एक डोळा झाकून रेघ धरतात. मलाही त्यांनी तसंच बसवलं.

"सर, डावा झाका."

रेघ सरळ.

"आता उजवा."

रेघ मधोमध वाकली.

तात्यांनी मशीन बंद केलं. "कार्ड ठणठणीत हाय. बारामतीत डोळ्याचा डॉक्टर हाय. चला, आजच जाऊ."

मला एसटी गाठायची आहे, असं मी सांगितलं. तशी घाई काही नव्हती.

घरी येऊन कार्ड पुन्हा बसवलं, आणि ते भंगारात जाणार नाही हे मुलीला ठणकावलं. डोळ्याचं सांगितलं नाही. पुस्तकातल्या ओळीही महिनाभर वाकतायत, आणि मी छपाईला नावं ठेवत होतो. डॉक्टरकडे अजून गेलेलो नाही. उद्या वाचताच आलं नाही तर काय, याची मला भीती वाटते.