पाहुण्यांच्या गोळ्या

त्या आठवड्यात माझ्या सासऱ्यांवर चार जणांनी उपचार केले. त्यांच्यात डॉक्टर एकच होता.

मी गोंदियाकडची. सातवीत शाळा सुटली आणि लग्न होऊन थेट निमगाव केतकीला आले. माहेर इतकं लांब, की रागानं निघालं तरी पोचेपर्यंत राग उरत नाही. पण आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला लेकीसारखं सांभाळलं. म्हणून बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी लावली, तेव्हा ती द्यायचं काम मी मागून घेतलं.

थोड्याच दिवसांत आबांच्या मांड्या दुखायला लागल्या. बातमी पानमळ्यांतून फिरली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं येत नाहीत. कुणी केळी आणतं, कुणी घरात उरलेली गोळी.

"घ्या आबा, माझी कंबर हिनंच मोकळी झाली." शेजारच्या भानुदासतात्यांनी विडा द्यावा तशी गोळी पुढं केली.

"सूनबाई, पाणी आण."

"आबा, डॉक्टरांना इचारायचं का?" (इथली बोली मी भीतीपोटी लवकर शिकले.)

"अगं, माणूस उन्हातनं आलाय. न्हाय कसं म्हणायचं?"

मी पाणी आणलं. पुढच्या पाहुण्याच्या गोळीलाही आणलं, त्याच्या पुढच्याही. शेवटी आबांचं पोट असं पेटलं, की मी रडतच त्यांना बारामतीच्या एसटीत बसवलं.

डॉक्टरांनी गोळ्यांच्या पाकिटांचे रिकामे तुकडे पाहिले. "ह्या सगळ्या दुखणं थांबवणाऱ्या, एकाच जातीच्या. पोट जाळतात, मूत्रपिंडाला त्रास देतात. आणि मांड्या कोलेस्टेरॉलच्या गोळीनंही दुखू शकतात. ते आधी मला सांगायचं. दुखण्यावरची साधी गोळीसुद्धा विचारून घ्यायची. पाणी कोण देत होतं?"

मी पदर सावरला.

रक्त तपासलं, गोळी बदलली, आबा सावरले. आता आबांना बाहेरची गोळी नाही, असं मी ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी तात्या नवी गोळी घेऊन हजर.

"आबांना बाहेरची गोळी बंद केलीय," मी म्हणाले.

तात्यांचा हात तसाच पुढं. चेहरा उतरला. उन्हातनं आले होते. ती गोळी मीच गिळली. त्या दिवशी माझा कडक उपास होता.

"आता हिला काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोट जळतंय," आबा म्हणाले. "पण मूळ दुखणं येगळं हाय. हिला न्हाय म्हणता येत न्हाय."

"त्यावर गोळी नाही."

घरी आल्यावर आबांनी हे तात्यांना सांगितलं. तात्या खिसा चाचपत म्हणाले, "थांबा, बघतो."

मी पाणी आणायला उठले.